त्याला मीठ कितपत लागतं

४ सप्टेंबर

ताई,

मीठ बिघडलं, तर ते पुन्हा खारट कशाने करायचं?

आज वर्गात मला हे विचारलं गेलं आणि उत्तर देता आलं नाही. खरं तर प्रश्न शास्त्रातलाच. प्रभूने तो लोकांना विचारला आणि उत्तर न देता पुढे दिव्याकडे वळला. बिघडलेलं मीठ बाहेर टाकतात आणि माणसं ते तुडवून जातात, एवढंच तो म्हणाला. हे वचन मी शाळेपासून तोंडपाठ म्हणत आले आहे. आज म्हणताना मध्येच थांबले.

वर्ग म्हणजे काय, ते तुला माहीत नसेल. चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे बाबा खराटे आणि घंटेचा जादा दोर ठेवायचे, तिथे दर गुरुवारी संध्याकाळी मी बायकांना शास्त्र शिकवते. दर वेळी घरातली एक वस्तू टेबलावर ठेवायची, ती शास्त्रात कुठे येते ते काढायचं, आणि तिथे तिचा अर्थ काय ते बोलायचं. दिवा झाला, झाडू झाला, सुई झाली, पीठ आणि खमीर झालं, जुन्या कपड्यावरचं ठिगळ झालं. आज बशीत मीठ होतं.

विचारलं घड्याळ आजीने. तू गेल्यानंतर ती या वस्तीत आली. कुठेही तासभर आधी येऊन बसते, म्हणून हे नाव.

"बाई," ती म्हणाली, "मी साठ वर्षं स्वयंपाक केला. पिठात किडे बघितले, तेल खवट झालेलं बघितलं, दूध नासलेलं बघितलं. नवरासुद्धा नासलेला बघितला. मीठ बिघडलेलं काही बघितलं नाही. तू बघितलंस?"

"आजी, आधी नवरा नासला तर काय करायचं ते सांगा," शिंपीणबाई म्हणाली.

"घुसळायचा, आणखी काय!"

खोलीभर हसू झालं. मीही हसले, म्हणजे तोंड तसं केलं. मग पुस्तकात वाचलेलं सांगितलं. त्या काळी मीठ जमिनीतून खणून काढायचे, त्यात खडूसारखं इतर काहीतरी मिसळलेलं असायचं. पाणी लागलं की खरं मीठ विरघळून जायचं आणि पांढरा भुगा मागे राहायचा. दिसायला मीठच, पण चव नाही.

आजी बशीकडे बघत राहिली. "म्हणजे मीठ निघून गेलं आणि माती राहिली. मग बिघडलं कोण? मीठ तर नाही बिघडलं."

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू. पदवी मिळाल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदा वापरलं.

ताई, मी हे वर्गाबद्दल सांगायला लिहीत नाही. आईला झटका आला, त्याला आज सहा आठवडे झाले. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची उजवी बाजू गेली आहे. बोलते, पण प्रत्येक शब्द ओला कपडा पिळावा तसा पिळून काढते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसरा झटका येईल. कधी, ते सांगता येत नाही. महिनाही असेल, वर्षही असेल. ज्यांना भेटायचं आहे त्यांना बोलावून घ्या, म्हणाल्या.

आई तुझी वाट बघते. तसं ती बोलून दाखवत नाही, पण दाराला आतून कडी लावू देत नाही. तू का आली नाहीस, ते तिला चार वर्षं कळलेलं नाही. मला माहीत आहे. आज ते लिहायला बसले होते आणि मिठावरच दोन पानं भरली.

हे पत्र मी पाठवणार नाही बहुतेक.


७ सप्टेंबर

ताई,

आज रविवार. रविवारी आईला तिचं मीठ लागतं.

तिचं मीठ म्हणजे तू पाठवलेलं. टपालाने वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाव किलोचा पुडा आला होता. आत चिठ्ठी नव्हती. वर पत्ता तुझ्या अक्षरात होता. आईला वाचता येत नाही, पण तुझं अक्षर ओळखता येतं. म्हणते, उभ्या रेघा अशा मारतेस जशी चादरीची घडी.

तो पुडा तिने दोन्ही हातांनी धरला आणि हसायला लागली. "बघ बाई हिची चेष्टा! विचारलं चिमूटभर आणि पाठवलं पोतं!"

काय विचारलं होतं ते पुढे सांगते. आज नाही.

तो पुडा तिने काचेच्या बरणीत ओतला. बरणी खिडकीत असते. चार वर्षं दर रविवारी उकडलेल्या अंड्यावर त्यातली एक चिमूट. बाकी दिवशी दुकानातलं साधं मीठ. आता डॉक्टरीणबाईंनी मीठ बंद केलं आहे. सहा आठवडे आई अळणी खाते आणि तक्रार करत नाही. पण रविवारी डावा हात बरणीकडे जातो.

"आई, मना केलंय."

"डॉक्टरणीला. सांग. लेकीचं आहे."

"त्याने रक्तदाब वाढतो."

"लेकीने. वाढतोच."

मी बरणी उचलून वर ठेवली. तिने माझ्याकडे बघितलं. थोड्या वेळाने मी बरणी परत खाली काढली आणि दोन बोटांत मावेल तेवढं मीठ अंड्यावर टाकलं. ती एका बाजूने चावत होती. मी बशी धुतली, टेबल पुसलं, मग पुन्हा पुसलं.

ताई, वर्गात मी जे शिकवते ना, ते माझं नाही, आईचं आहे. हे मी वर्गात कुणाला सांगितलेलं नाही. तुला आठवत असेल, लाँड्रीत ती मोठ्या टेबलाच्या त्या टोकाला आणि तू या टोकाला, मधोमध दवाखान्याची चादर. मी कोपऱ्यात गठ्ठ्यावर बसून अभ्यास करायचे. पाळकसाहेबांनी रविवारी सांगितलेलं ती सोमवारी चादरींवर पुन्हा सांगायची. "काय गं, एवढा देवाचा मुलगा, पण बोलला कशाबद्दल? पीठ, दिवा, झाडू, ठिगळ. जुन्या कापडाला नवं ठिगळ लावलं की धुतल्यावर ते आकसतं आणि भोक मोठं होतं, हे पुरुषाला कसं माहीत? आईजवळ बसला असणार. बघितलं असणार तिला टाके घालताना." आणि तू म्हणायचीस, "आई, चादर ओढ, ठिगळ नंतर."

तू आठवीत शाळा सोडलीस आणि मी शाळेत राहिले. दोघींपैकी एकीचंच जमणार होतं. हे घरात कुणी ठरवलं असं नाही. एके सकाळी तू वह्या माझ्या बाजूला सरकवल्यास आणि आईबरोबर निघालीस. तुझ्या डाव्या मनगटावर इस्त्रीचा डाग होता, अर्ध्या चंद्रासारखा. मी तुला कधी विचारलं नाही तो कधी पडला. आज बशी धुताना ते आठवलं, एवढंच.

मला तू शास्त्रीणबाई म्हणायचीस. दुसरं कुणी म्हणत नाही.


११ सप्टेंबर

ताई,

आज वर्ग होता. वस्तू झाडू. म्हणजे झाडू आधीही झाला होता, पण घड्याळ आजी म्हणाली, मिठाचं तुला येत नाही तर पुन्हा झाडू घे.

गोष्ट तुला माहीत आहे. एका बाईकडे दहा नाणी असतात, एक हरवतं. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते आणि सापडल्यावर शेजारणींना हाका मारते. मी नेहमीप्रमाणे सांगितलं की नाणं म्हणजे भरकटलेलं माणूस, आणि माणसाने पश्चात्ताप करून मागे फिरावं.

"कोण फिरतं मागे?" आजीने विचारलं. "नाणं?"

"म्हणजे तसा अर्थ घ्यायचा, आजी."

"अगं, मेंढरू हरवलं तर ते निदान ओरडतं. मुलगा हरवला तर पायाने परत येतो. नाणं काय करणार? जिथे पडलं तिथे पडलं. कपाटाखाली कुणी सरकवलं, ते बाईलाच ठाऊक. त्याला दारातून हाका मारून उपयोग नाही आणि उपदेश करून तर नाहीच. दिवा घे, झाडू घे, वाक. कंबर मोडेल, पण तुझीच मोडायला हवी, नाण्याची नाही."

शिंपीणबाई म्हणाली, "आजी, तुम्हीच घ्या वर्ग."

"मला चष्मा नाही."

मी घरी आले. आई झोपली होती. शिंपीणबाई दिवसभर तिचं मशीन आमच्याकडे आणून आईजवळ बसते, म्हणून मला शाळेत नोकरीवर जाता येतं. मशीन खिडकीशी तसंच होतं. मी त्याच्या पाटावर वही ठेवून लिहिते आहे. आता सांगते.

बाबा गेल्यानंतर दोन आठवड्यांनी आई म्हणाली, "लिही." बाबा असेपर्यंत तिने तुझं नाव घेतलं नव्हतं. तू त्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याबरोबर गेलीस, त्याचं आधी एक लग्न झालेलं, त्याची पहिली बायको जिवंत. पाळकसाहेब म्हणाले, चर्चमध्ये हे लग्न लावता येणार नाही. एवढंच म्हणाले ते. बाकीचं बाबांनी केलं. ज्या चर्चची घंटा ते वीस वर्षं वाजवत आले, तिथे त्यांना खाली मान घालून उभं राहावं लागलं असं त्यांना वाटलं. तुझी उशी माळ्यावर फेकली आणि म्हणाले, या घरात एकच मुलगी आहे. ती एक मुलगी मी. मी तेव्हा पहिल्या वर्षाला होते, आणि मी त्यांच्या बाजूने बोलले. तू दारात बॅग घेऊन उभी होतीस तेव्हा मी तुला दोन वचनं ऐकवली. तू म्हणालीस, "शास्त्रीणबाई, बाजूला हो, दार लागतंय."

तर आई म्हणाली, लिही. ती टेबलावर बाबांचे शर्ट इस्त्री करत होती, कुणाला तरी द्यायचे म्हणून. मी पेन्सिलीने कच्चं लिहून घेतलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. त्यात शास्त्रातलं एक अक्षर नव्हतं. उशी, कप्पा, कडी आणि त्याचं जेवण. शेवटी तिने विचारलं होतं, त्याला मीठ कितपत लागतं.

मग मी पक्कं लिहायला बसले. ताई, मी चांगल्या मनाने बसले होते, हे लिहिताना मला स्वतःचीच किळस यायला हवी. येत नाही. काहीच येत नाही. तेव्हा मला वाटलं, आई भोळी आहे. तिच्या पत्रात पश्चात्तापाचा शब्दही नाही. तू अशीच परत आलीस तर तुझ्या आत्म्याचं काय? मला पदवी मिळायची होती, माझ्याकडे शब्द होते. आणि आईने मिठाचं नाव काढलंच होतं. मिठावरचं वचन मला पाठ होतं.

मी काय लिहिलं ते तुझ्याकडे असेल, किंवा तू जाळलं असशील. "मीठ बेचव झालं तर ते बाहेर टाकण्यापलीकडे कशाच्याही उपयोगाचं राहत नाही. तू आपली चव घालवलीस. आधी देवाकडे वळ, मग या उंबरठ्याचा विचार कर." खाली लिहिलं, तुझी आई.

अक्षर माझं आहे, हे तुला कळलं असणार. शब्द मात्र आईचेच असं तू धरलंस. का धरणार नाहीस? आई कधी खोटं सांगून लिहवून घेत नाही, आणि मी कधी खोटं लिहीत नाही.

आई म्हणाली, "वाचून दाखव."

मी कच्चा कागद वाचला. पक्का पाकिटात घातला.

तिने ऐकलं, मान हलवली, म्हणाली, "'नुसतं ढकल' हे नीट लिहिलंस ना? नाहीतर ती दार वाजवत बसेल."

तीन आठवड्यांनी मिठाचा पुडा आला. तू तो का पाठवलास, ते मला वर्तमानपत्र सोडायच्या आधीच कळलं. घ्या तुमचं मीठ. आणि आई हसत होती. तिने विचारलेल्या प्रश्नाचं तिला उत्तर आलं होतं.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. दर रविवारी, अंड्यावर ती चिमूट पडताना. असे दोनशेच्या वर रविवार झाले असतील.


१४ सप्टेंबर

ताई,

आज आईला सांगितलं.

उपासनेहून आले, अंडं उकडलं, सोललं, चार फोडी केल्या. बरणी काढली. मग म्हटलं, "आई, तुझं पत्र ताईला गेलंच नाही. मी दुसरंच लिहिलं." आणि सगळं सांगितलं. दोन्ही कागदांवरचं सांगितलं. काय वाचलं आणि काय पाकिटात घातलं तेही.

तिचा डावा डोळा माझ्यावर होता. उजवा अर्धा मिटलेला असतो. खाली कुणीतरी बादली ओढत नेत होतं, तो आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

"मग मीठ?" आई म्हणाली.

"काय?"

"मीठ. कशाला. पाठवलं?"

"रागाने, आई."

ती बरणीकडे बघत राहिली. तळाला दोन बोटं मीठ उरलं आहे.

"चार वर्षं," ती म्हणाली. एकेक शब्द वेगळा. "तिचा राग. खाल्ला मी."

मी टेबलावरची टरफलं गोळा केली.

"चांगला. लागला."

मग तिने डाव्या हाताने बशी माझ्याकडे ढकलली. मला वाटलं, नको आहे. पण ती म्हणाली, "तू खा." मी खाल्लं. तिने बरणीत बोटं घालून माझ्या फोडींवर मीठ टाकलं, भरपूर, टेबलावरही सांडलं. इतकं खारट मी कधी खाल्लं नव्हतं. चारही फोडी संपवल्या. ती बघत होती. ते रागाने केलं की मायेने, मला कळलं नाही. कदाचित तिलाही ठरवायचं नव्हतं.

दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. शिंपीणबाई आली, तिच्याशी बोलली, हवेबद्दल, बॉबिनबद्दल. माझ्याकडे तोंड नाही. मी भांडी घासली, चादर बदलली, तिला कुशीवर वळवलं. माझ्या हातांनी ती वळली, पण डोळे मिटून घेतले. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, निदान काहीतरी केल्यासारखं वाटलं असतं.

संध्याकाळी दिवा लावला तेव्हा म्हणाली, "उशी."

मी तिची उशी नीट करायला गेले.

"माझी नाही. तिची. माळ्यावरून काढ."

काढली. बाबा गेल्यावर तिने ती एकदा उन्हात घातली होती, मग तू आली नाहीस म्हणून पुन्हा वर गेली. खोळ पिवळी पडली आहे.

"गाडी," आई म्हणाली. "कधी असते?"

"आई, चार तासांचा रस्ता आहे. डॉक्टरीणबाई—"

"नाणं," आई म्हणाली. आजीचं बोलणं शिंपीणबाईने तिला सांगितलं असणार. "चालत. येतं का?"


१८ सप्टेंबर

ताई,

थोडक्यात लिहिते, कारण सामान बांधायचं आहे.

डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. मग आईकडे बघून म्हणाल्या, नेणारच असाल तर चाकांच्या खुर्चीला पट्टा बांधा आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा.

आज वर्गात मी टेबलावर कोणतीच वस्तू ठेवली नाही. बायकांना सांगितलं, तुला सांगितलं त्याहून जास्त सांगितलं असेल, पत्र, कच्चं, पक्कं, सगळं. सांगितलं की दिवा, झाडू, ठिगळ, हे सगळं माझ्या आईचं आहे, आणि मी वर्ग सोडते आहे.

एकीने पिशवी मांडीवर घेतली आणि परत खाली ठेवली.

शेवटी घड्याळ आजी म्हणाली, "झाडू फेकून दिला म्हणून घर झाडलेलं होत नाही."

"मला शिकवायचा अधिकार नाही, आजी."

"अधिकार कोण मागतंय? चावी आणत जा खोलीची. चहा कर. बाकी आम्ही बघू." मग म्हणाली: "पण वाईट केलंस हं, पोरी. फार वाईट केलंस."

हे तिने म्हटलं म्हणून मला बरं वाटलं. आठ आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

मिठाचा प्रश्न मी पुन्हा तिला विचारला. ती म्हणाली, तिलाही माहीत नाही. माती राहिली असेल तर ती माती आहे हे ओळखावं, निदान मीठ म्हणून कुणाच्या ताटात वाढू नये, एवढं तिला कळतं.

शिंपीणबाईने तुझ्या उशीला नवी खोळ शिवून दिली. जुनीवरच ठिगळ लावायला सांगणार होते. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी बोललेच नाही.


२० सप्टेंबर, सकाळ

ताई,

हे पत्र मी तुझ्या दुकानासमोर बसून लिहिते आहे. आधीची पाचही याच पाकिटात आहेत. क्रमाने वाच किंवा वाचूच नकोस. शेवटचा पेन्सिलीचा कागद मात्र वाच.

काल संध्याकाळी पोहोचलो. गाडीत कंडक्टर म्हणाला, "आजीबाई, खुर्चीचंही तिकीट पडेल." आई म्हणाली, "तिचं पूर्ण घे. माझं अर्धं. तिला माझ्यापेक्षा. चांगलं चालता येतं." तो इतका हसला की खुर्चीचं घेतलंच नाही. रात्री स्टँडजवळच्या धर्मादाय खोलीत राहिलो. आईने गोळ्या घेतल्या, झोपली. पहाटे उठून मला म्हणाली, केस विंचर.

तुझी पाटी वाचली. इस्त्री करून मिळेल. अक्षरं तूच रंगवलीस ना? उभ्या रेघांवरून कळलं. दुकान अजून बंद आहे, पण वरच्या खिडकीत दिवा लागला आहे आणि काचेवर वाफ धरली आहे. आई दाराशी खुर्चीत बसली आहे. मांडीवर उशी, उशीवर बरणी. मी तिला मघाशी म्हटलं, दार वाजवते. ती म्हणाली, "थांब. तिला. इस्त्री तापवू दे."

पेन्सिलीचा कागद चार वर्षं माझ्या शब्दकोशात होता. पुसट झाला आहे, म्हणून खाली उतरवते आहे. यात माझं एकही अक्षर नाही.

"ताईला सांग, बाबा गेले. शांतपणे गेले. तुझी उशी काढून उन्हात घातली. कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला, वरच्यात तुझा हात जातो पण त्याचं सामान मोठं असेल. दाराला कडी मी लावत नाही, नुसतं ढकल. कोण काय म्हणेल ते मी बघते, मी काही मेले नाही. मला तेव्हा बोलायला हवं होतं, बोलले नाही, ते आल्यावर समोरासमोर सांगीन, पत्रात नाही. त्यालाही घेऊन ये. गाड्या दुरुस्त करणाऱ्याला भूक लागते, मला माहीत आहे. त्याला काय आवडतं ते मला माहीत नाही. त्याला मीठ कितपत लागतं, तेवढं कळव. आई."

हे तू वाचतेस म्हणजे दार वाजवून झालं आहे आणि तू ते उघडलं आहेस. आई तुला समोरासमोर काय सांगणार आहे ते मला ठाऊक नाही, आणि तिला ते सांगायला वेळ लागेल. तिचे शब्द पुरे करू नकोस. ती चिडते. औषधांची पिशवी खुर्चीच्या मागे लटकवली आहे, वेळा त्यावर लिहिल्या आहेत. तिला मीठ मना आहे. रविवारी एक चिमूट चालते.

मी रस्त्याच्या या बाजूला, चांभाराच्या बंद दुकानाच्या पायरीवर आहे. मला बोलवायला हवंच असं नाही. तिला ठेवून घेणं जमणार नसेल तर दारातून नुसती मान हलव, मी येऊन तिला घेऊन जाईन. पण ती म्हणाली होती तसंच मी केलं आहे, काल स्टँडच्या तिकीट खिडकीवर उभी राहून, तिच्यासमोर. परतीचं तिकीट एकच काढलं आहे, माझं.